एलिव्हेशन एक नंबर!

यवतमाळात दारव्हा रोडने जा नाहीतर आर्णी रोडने, ऑफिसच्या नव्या इमारतीला आता भिंत नसते, एलिव्हेशन असतं. खालपासून वरपर्यंत निळी काच, उरलेल्या जागी एसीपीची चकचकीत शीट. पारा ४४ वर गेला की आत आधी पडदे ओढतात. पडद्यांनी अंधार होतो म्हणून भरदुपारी ट्यूबलाइट लागतात, आणि तरीही काच तापतेच म्हणून एसी. काच कशासाठी, तर भरपूर उजेड यावा म्हणून! ती उघडत मात्र नाही. त्यामुळे लाइन गेली की जनरेटर, नाहीतर अख्खा स्टाफ बाहेर कडुनिंबाखाली.

इंग्रजांच्या जुन्या कचेऱ्यांचं मला कौतुक नाही. तिथे काय चालायचं ते आजोबा-पणजोबांना विचारा. पण जाड भिंत, उंच छत आणि व्हरांडा एवढी अक्कल त्यांनाही इथल्या उन्हानेच शिकवली होती. यवतमाळात २१ मेच्या आसपास भर माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा दीड-दोन फुटांचा छज्जाही खिडकी सावलीत ठेवतो. खरा वैरी चार वाजताचा, तिरपा. पण रस्ता पश्चिमेला असला की दर्शनी बाजूही पश्चिमेलाच, म्हणून सगळ्यात मोठी काच नेमकी त्याच्या स्वागताला.

लंडनमध्ये २०१३ साली 'वॉकी-टॉकी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टॉवरच्या आत वळलेल्या काचेने ऊन एकवटलं आणि रस्त्यावरच्या जग्वार गाडीचे भाग वितळवले. लंडनचं ऊन ते! पुढे त्या काचेवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या. म्हणजे छज्जाच, फक्त पौंडांत.

आपला व्हरांडा गेला तो एकटा गेला नाही. मे-जूनमध्ये पीककर्जाच्या कागदांसाठी आलेला माणूस तिथेच टेकायचा, शिदोरी सोडायचा, कुणाकडून अर्ज लिहून घ्यायचा. आता तो तापलेल्या फरशीवर उभा. वरून ऊन, आणि काचेवर आपटून परत आलेलं तेच ऊन समोरून. अशाच एका दारापाशी घाटंजीकडचे एक म्हातारबा वॉचमनला विचारत होते, "काहो भाऊ, काच पुसाले माणूस ठेवला, मंग बसाले बाकडं काहून नाही ठेवलं?"

वॉचमन म्हणाला, "बाबाजी, जरा मांगं सरा. काचले हात लागते."