पावती मागा, जर्मन शिका

नांदेड-लातुरात सध्या युरोप विकायला काढलाय. क्लासच्या फ्लेक्सला खेटून दुसरा फ्लेक्स: पोलंड, क्रोएशिया, जर्मनी, ‘वर्क परमिट गॅरंटीड’. पोराच्या बापानं वावर गहाण टाकून लाखांत पैसे भरायचे आणि हाती काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक पीडीएफ!

परमिट म्हणजे व्हिसा नव्हे. पोलंड-क्रोएशियात परमिटसाठी अर्ज तिथला मालक करतो. ते मिळालं तरी व्हिसा द्यायचा की नाही, हे तो देश ठरवतो, तुमचा एजंट नाही. त्यामुळे ‘गॅरंटी’ हा शब्द ऐकला की उठून चालू लागा. माणसं परदेशी कामाला पाठवायची तर १९८३च्या कायद्यानं केंद्राचा परवाना लागतो. उमेदवाराकडून फार तर ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तेही पावती देऊन. परवाना खरा की खोटा, हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं.

सरळ रस्ताही आहे, पण तो चढणीचा. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी दहा हजार माणसं पाठवायची ठरली. सही झाली, फोटो निघाले. पुढं? जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या मुलीला तिथं नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी-२ पातळीचं जर्मन लागतं. रात्रपाळी करून आलेली मुलगी मोबाइलवर घोकत बसते: डेर फरबांड, डी श्प्रित्सं, डास बेट. पट्टी, सिरिंज, खाट. तिन्हींची लिंगं वेगळी. तिला चुका दाखवणार कोण? मॅक्सम्युलर भवन गाठायचं तर पुणे नाहीतर मुंबई. म्हणजे रजा, रेल्वेचं तिकीट, राहायचा खर्च.

आणि तिथं टिकायचं तरी भाषाच लागते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, असलेल्याला जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळतो. बी-१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांतच.

नीटसाठी राज्यभरातली पोरं लातूरला येतात, आणि याच लातुरात जर्मनचा धड वर्ग सापडू नये? नांदेड आणि लातूर, दोन्ही शहरांत सरकारनं बी-२पर्यंतचे वर्ग काढावेत, तेही संध्याकाळी आणि सकाळी, पाळीवाल्यांना जमतील असे. परीक्षाही इथंच व्हावी. आणि परवानाधारक एजंटांची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी पासपोर्ट काढायला लोक जातात तिथंच, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावी. याच आठवड्यात.