मनमोकळा संवाद, मागच्या तारखेचा

निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपुढे जाऊ नये, असं केंद्र सरकारने १९९२मध्येच सांगून ठेवलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४मध्ये आठवड्याला ७४ तास आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. पहिल्या वर्षाच्या निवासीने हे वाचलंही असतं, पण तो रक्ताची पिशवी आणायला ब्लड बँकेकडे पळत होता.

मनःस्वास्थ्याची कार्यशाळा मात्र होते. रविवारी सकाळी, नाइट ड्यूटी संपल्या संपल्या, हजेरी सक्तीची. तिथे श्वास कसा घ्यावा ते शिकवतात.

शिवाय प्रत्येकाला एक मेंटॉर सर. ते राउंडला भेटतात आणि आपुलकीने विचारतात, “सीबीसीचा रिपोर्ट कुठाय?” ‘मनमोकळा संवाद झाला’ असं वहीत विद्यार्थ्यानेच लिहायचं. सर सह्या करतात, सहा महिन्यांच्या एकदम.