हळदीचा पहिला नंबर

रायगडच्या किनाऱ्यावर गाण्यांचा नंबर हळदीच्या रात्री लागतो. लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण त्याला माणसं येतात ती अक्षता टाकून जेवायला. नाचायचं ते हळदीला. उरण-करंज्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही आगरी-कोळी वस्तीत लग्नसराईत जा; मांडवाच्या कडेला डीजे नाहीतर बेंजो पार्टी असते आणि तिच्याभोवती फर्माईशवाल्यांचा घोळका. कुठलं गाणं किती चाललं, हे सांगायला कुणी आकडेवाला लागत नाही. संध्याकाळपासून गुडघा धरून खुर्चीत बसलेली आत्या ज्या गाण्याला उठते, त्याचा पहिला नंबर.

अमेरिकेत हे काम ‘बिलबोर्ड’ नावाचं नियतकालिक करतं. तिकडच्या गावरान गाण्यांची, म्हणजे कंट्री संगीताची, वेगळी यादी ते १९४४ पासून छापत आलंय. आपल्याकडे १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि गाणी पायदानं चढू-उतरू लागली, पण ती हिंदी सिनेमाची. कोळीगीताला त्या जिन्यावर पाय ठेवायलाही जागा नव्हती. मराठी गाणं किती आवडतंय हे आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये त्याच्याआधी किती गावांची आणि किती बाळगोपाळांची नावं वाचली जातात, यावरून ताडायचं.

तरीही ‘मी डोलकर’ या गाण्याला आमच्या किनाऱ्यावर आजतागायत कुणी खाली उतरवू शकलेलं नाही. नवी येतात, एक मोसम गाजवतात आणि जातात. २०२४ मध्ये संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने मांडव दणाणून सोडले. तो जळगावकडचा, समुद्राशी त्याचा संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. पण रात्र चढली, की कुणीतरी डीजेच्या कानाशी लागतंच, “दादूस, आता आपला डोलकर लाव.”

आता हा ‘आपला’ डोलकर कुणाचा? शब्द शांता शेळके यांचे, ज्यांचा जन्म इंदापूरचा, शिक्षण पुण्याचं. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गायला लताबाई आणि त्यांच्या जोडीला नाखवा म्हणून चक्क हेमंतकुमार, अस्सल बंगाली माणूस. साऱ्या चमूत वल्हं मारलेला एकही नाही. हे मी एकदा एका हळदीत मोठ्या विद्वत्तेने सांगून पाहिलं. शेजारच्या काकूंनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, “हेमंतकुमार? कंच्या कोलीवार्‍यातला गो तो?” मी बंगाल म्हटल्यावर त्या खूश झाल्या. “मंग बरोबर. ते पन मासं खातान.” प्रश्न मिटला.

मला वाटतं, हा निवाडा डोल टाकणाऱ्यांनाच सुचावा. डोल हे जाळं माशांच्या मागे धावत नाही. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना तोंडाशी रुंद आणि शेपटाशी निमुळतं, बारीक आसांचं जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीपुढे तोंड करून सोडून द्यायचं. पाण्याची ओढ मंदावली की शेपूट होडीत घेऊन गाठ सोडायची. बोंबील निघतात, जवळा निघतो, करंदी निघते, आणि हल्ली प्लॅस्टिकच्या पिशव्याही. हळदीचा मांडवही तसाच खुंट रोवून उभा असतो. प्रवाहात जे येईल ते आत येतं, निवडानिवड नंतर.

बिलबोर्डवाले निवड आधी करतात, आणि मग त्यांची पंचाईत होते. जॉन डेन्व्हरचं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ १९७१ साली सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि कंट्रीच्या यादीत पन्नासाव्यावर अडकलं. ज्या वेस्ट व्हर्जिनियाचं ते गोडवे गातं, तिथे ते रचायला घेणाऱ्या जोडप्याने तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. त्या राज्याने मात्र २०१४ मध्ये त्याला आपलं अधिकृत गीत केलं. म्हणजे काकूंसारखी माणसं तिकडेही आहेत, फक्त यादी करणाऱ्यांत नाहीत. २०१९ मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ला तर हे कंट्री नव्हेच म्हणून त्या यादीतून काढलं; ते मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. आमच्या मांडवात असं काढायला गेलं असतं, तर काढणाऱ्यालाच हळद लागली असती.

यादीबाहेर राहतो तो आमचा धवला. आगरी लग्नात विधी लावते ती धवलारीण, आणि तो ती गाऊन लावते. या किनाऱ्याचं खरं गावरान गाणं म्हणायचं तर ते हेच. डोलकरच्या कितीतरी आधीचं. पण हळदीच्या वाट्या पुढे सरकत असताना, डीजेवाला बाहेर वायरी जोडून “हॅलो चेक” करत असताना, एक म्हातारी डोळे मिटून लांबलचक गात असते आणि दोन-चार जावा मागून ओढतात. तिला वन्स मोअर मिळत नाही. मिळाला तर नवरा दुसऱ्यांदा हळदीला बसवावा लागेल.

रात्री दहानंतर भोंगा वाजवायचा नाही, असा २००० सालापासूनचा नियम आहे, त्यामुळे खरी चुरस पावणेदहाला. पोरांना एक हवं, मामांना दुसरं, नवरीच्या मैत्रिणींचं तिसरंच. दहाला गाडी येते, हवालदार उतरतो. “साहेब, हे शेवटचं.” शेवटचं म्हणून डोलकर लागतो, आत्या गुडघा सोडून उठते. तो संपतो. “साहेब, ते शेवटचं नव्हतं, हे शेवटचं,” आणि पुन्हा तोच. हवालदार घड्याळ बघतो. तोही याच किनाऱ्यावरच्या थळचा आहे, काय बोलणार?