बॉनेटपंडित

चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीच्या पुढे, ऐन जंगलात गाडी बंद पडली की दोघांची धास्ती वाटते. त्यातला वाघ सहसा येत नाही. दुसरा हमखास येतो. बॉनेट वर व्हायचा अवकाश, हा कुठूनसा उगवतो, लुना स्टँडवर लावतो, दाढेखालचा खर्रा पलीकडच्या गालात सरकवतो आणि इंजिनाकडे न पाहताच म्हणतो, "बॅटरी गेली जी."

हातात ना पान्हा, ना पक्कड. पण मेहुणा ऊर्जानगरला, महाऔष्णिक केंद्रात. २,९२० मेगावॉटशी सोयरीक असल्यावर बारा व्होल्टची ती काय कथा!

मालक बिचकत सांगतो, बॅटरी महिन्याभरापूर्वीच बदलली. येताना डॅशबोर्डवर एक लाल दिवा मात्र पेटला होता. पंडित खुलतो.

"दिव्यावर चित्र कायचं हाये?"

"बॅटरीचं."

"मंग? आखीन काय पुरावा पाह्यजे?"

इथं भलेभले गप्प होतात. गाडी चालू असताना तो दिवा पेटला, तर बहुधा डायनामोकडून (कंपनीच्या कागदावर अल्टरनेटर) बॅटरीला काही मिळत नसतं. पण ज्या कोणी तिथं बॅटरीचं चित्र काढलं, त्यानं पंडिताची जन्माची सोय करून ठेवली. शिवाय त्याचा सल्ला थोडा वेळ खरा ठरतो, ही खरी पंचाईत. नवी बॅटरी टाकली की सेल्फ झटक्यात लागतो, मालक धन्यवाद देत गडचिरोलीकडे सुटतो. बॅटरीतली शिल्लक संपत जाते आणि वैनगंगेच्या पुलाअलीकडे, व्याहाडला, दिवे मिणमिणू लागतात. तिथं दुसरा पंडित उभाच असतो.

बरं, तो अगदीच अडाणी नाही. चंद्रपूरचं ऊन बॅटरी लवकर मारतं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. फक्त पौषातही तो तेच सांगतो.

अखेर मूलहून पोट्टा येतो, खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर. दुसऱ्या बॅटरीवरून केबल जोडून गाडी चालू करतो. पंडित लगेच पुढे सरसावतो. "आता बॅटरीची तार काढ. गाडी चालूच राह्यली तं डायनामो ठीक."

"काका, हात नका लावू!" पोट्टा ओरडतो. जुन्या डिझेल जीपवर ही परीक्षा खपून गेली असेल. आताच्या गाडीत व्होल्टेज उसळून डायोड जळतात, कधी कॉम्प्युटरही.

केबल सोडवून तो मीटर लावतो. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसायला हवेत. काटा नाही, आकडेच आहेत, आणि ते ११.९ वरून खाली घसरताहेत. पंडित मीटरकडे मुलीच्या परजातीतल्या स्थळाकडे पाहावं तसा पाहतो. पट्टा ताठ, तारा घट्ट, अर्थिंग ठीक. इंजिन बंद करून, बॅटरीची तार सोडून पोट्टा डायनामोचं मागचं झाकण उघडतो, तर कार्बन पार झिजलेले.

"म्हंजे बॅटरीपर्यंत करंटच पोचत नव्हता?"

"नाही ना, काका."

"मंग मी काय म्हनत होतो? तरास बॅटरीलेच होता!"

नवे कार्बन बसतात, आकडे चौदावर जातात, पोट्टा पैसे सांगतो. मालकाचा हात खिशात जायच्या आत पंडित मधे पडतो.

"एवढे कायचे रे? बॅटरी तं तू बदललीच नाही!"