टिचकी

आई अल्बुकर्कीला आमच्याकडे राहायला आली, दिवाणखान्यात हारीने मांडलेली माझी अकरा मडकी तिने पाहिली आणि म्हणाली, "एकातही पाणी नाही?"

मला हेच हवं होतं. ही इथल्या, न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो आदिवासींची मडकी. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून केलेली. मग नदीतल्या गोट्याने तासन् तास घोटायची. हा गोटा आजीकडून नातीकडे जातो. काळ्या मडक्यांचा जाळ शेवटी सुक्या शेणाच्या भुग्याने कोंडतात, धूर मातीत मुरतो. 1919 च्या सुमारास सॅन इल्डेफोन्सो या पुएब्लो गावच्या मारिया आणि हुलियान मार्टिनेझ या जोडप्याने चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी आणली. पाणी भरलं तर झिरपतं, चकाकीही जाते.

"झिरपलं नाही तर गार कसं होणार?" आई म्हणाली.

बाराव्या मडक्याबद्दल मी बोललो नाही. ते न्हाणीघरात कंगवे सांभाळतं. हमरस्त्यावरच्या एका दुकानात 'हाताने रंगवलेलं' या चिठ्ठीवर भुलून घेतलेलं. चिठ्ठी खरीच होती. हात फक्त रंगाला लागला होता, मडकं साच्यातलं. परक्याचा माल आदिवासींचा म्हणून विकणं 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे; पण गिऱ्हाइकाच्या बावळटपणावर कायदा नाही.

शनिवारी तिला सांता फेला नेलं. जुन्या गव्हर्नर पॅलेसच्या ओसरीत विक्रेते ओळीने चादरी पसरून बसतात. अकोमा या पुएब्लो गावच्या एका बाईंकडे पांढरं, पातळ भांडं होतं; तिथे जुन्या खापऱ्या कुटून नव्या मातीत मिसळतात. मी आत हात घालून बोटांचे ठसे चाचपत होतो, चेहरा जाणकाराचा. आई खाली वाकली आणि भांड्याला टिचकी मारली. बाजारात माठाला मारतात तशी. मी शरमेने अर्धा झालो.

टण्ण.

बाई हसल्या. त्यांनी दुसरं भांडं उचललं, स्वतः टिचकी मारली आणि आईच्या कानाशी धरलं. मग दोघींनी अख्खी चादर वाजवून काढली. मी पिशवी धरून उभा.

पण आईने घेतलं ते पलीकडच्या नावाहो जमातीच्या बाईंकडचं. तपकिरी, धुराचे डाग पडलेलं, भाजून गरम असतानाच पिन्यॉन झाडाची राळ फासलेलं. तिने हुंगलं. "यात राहील," म्हणाली.

घरी मी ते मडकं बाकीच्यांच्या ओळीत ठेवलं, खाली छोटा दिवाही लावला.

सकाळी त्यात ताक होतं. राळेचा वास येत होता. मी दोन पेले प्यालो.