रॅमभाऊ

त्यांचं पाळण्यातलं नाव रामचंद्र की रमेश, हे आता आमच्या सोसायटीत कुणालाच आठवत नाही. नोकरीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात रॅमभाऊ झाले. कुणाचाही कॉम्प्युटर शेवटचे आचके देऊ लागला की हे उशाशी हजर. निघताना त्याची रॅम घेऊन जाणार. या पट्ट्या ते चष्म्याच्या जुन्या घरांत ठेवतात. वर स्केचपेननं लिहिलेलं: '२ जीबी, जोश्यांची'. मागे बँकेत सही करायला म्हणून घर उघडलं, तर चष्म्याच्या जागी डीडीआर थ्री!

माझा कॉम्प्युटर रांगायला लागला तसा मी तापकीर गल्ली गाठली. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, सेम साइजच्या, सेम कंपनीच्या दोन घ्या. मिक्स नका करू." हे मी जिन्यात रॅमभाऊंना सांगितलं आणि माझी संध्याकाळ गेली.

"त्याला दोन खपवायच्यात! तुमची आठची आहे ना? माझी चारची लावू. तुमच्या आठातले चार आणि माझे चार बैलजोडीसारखे ओढतील. उरलेले चार एकटे चालतील. बारा कुठे गेले नाहीत."

"आणि स्पीड?"

"तुमची २६६६ ची, माझी २४०० ची. दोघी २४०० नं चालणार. जोडी मंद बैलाच्याच चालीनं जाते. तुम्हाला कुठं शर्यतीत उतरायचंय? मेंटेनन्सचा हिशेब तर करता!"

माणूस बरोबर बोलत होता. त्यांचा खरा त्रास हाच आहे.

ते आत आले, लोखंडी कॅबिनेटला हात टेकवून अंगातली स्टॅटिक घालवली, माझ्या नातीच्या कंपासपेटीतून खोडरबर मागवला आणि पट्टीचे सोनेरी दात घासले. हौसेनं मी माळ्यावरची जुनी डीडीआर थ्री पुढे केली. तिला २४० दात, माझ्या बोर्डाला हवेत २८८. "खाच जुळत नाही तिथे जबरदस्ती करायची नाही," रॅमभाऊ म्हणाले. हाच नियम ते मेव्हण्यालाही लावतात.

बटण दाबलं. पीं, पीं, पीं!

"बोलतोय म्हणजे जिवंत आहे," म्हणत त्यांनी दोन्ही पट्ट्या तीनदा काढल्या, तीनदा बसवल्या. चौथ्यांदा पडद्यावर १२ जीबी उमटले. मग रात्रभरासाठी मेमटेस्ट लावून ते गेले आणि सकाळी दूधवाल्याच्या आधी दारात उभे.

"एरर किती?"

"शून्य."

बाळंतीण सुखरूप सुटल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला.

कॅबिनेटचं झाकण मात्र त्यांनी लावू दिलेलं नाही. स्क्रूही त्यांच्याच खिशात आहेत. कुणी डीडीआर फोरची आठची पट्टी काढून ठेवली असेल तर कृपया कळवा. रॅमभाऊ स्वतः न्यायला येतील. चहा बिनसाखरेचा लागतो.