जावईबापूंची उंच गाडी

“अगं, कळलं का? कोपऱ्यावरच्या मावशींचे जावई काल खाचरात रुतले.”

काकू कुंपणावरच्या वेलाचा घेवडा तोडायला आल्या की समजावं, जुन्नरात काहीतरी घडलंय. घेवडा मूठभर निघतो, बातमी पसाभर.

“जावई रुतले?”

“गाडी गं! ती नवी, उंचशी. मावशी सगळ्या आळीला सांगत नव्हत्या का, डोंगरात चालणारी घेतलीय म्हणून? डोंगरात गेली खरी. चालली नाय.”

मग सगळं रामायण निघालं. रविवारी पाच जण, डबे, पाण्याचे कॅन, दोन छत्र्या आणि एक घडीचं टेबल असा सरंजाम घेऊन पाहुणे नाणेघाटाला निघाले. रस्ता थेट घाटाच्या तोंडापर्यंत डांबरी, तिथवर कुठलीही गाडी जाते. पण घाटघरला जीवधन दिसला आणि पायथ्याशी जाऊन फोटो काढायची हुक्की आली. डांबर सोडलं, बैलगाडीच्या वाटेनं आत घातली. आवणी नुकतीच उरकलेली, खाचरं तुडुंब. वाटेवर मधे एक चढ, चढावर चिखल. निम्म्यात चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी घसरत मागं आली ती बांध फोडून खाचरात.

“मावशी रडकुंडीला येऊन आमच्या ह्यांच्याकडे आल्या. हे निघाले लगेच. एसटी सोडून किती वर्षं झाली, पण कुठं गाडी अडकली म्हटलं की अंगात येतं.”

काकूंचे ‘हे’ म्हणजे नाना, ओट्यावर पेपर वाचत होते. नारायणगाव आगारात जन्म गेला, पश्चिम पट्ट्यातल्या मुक्कामी गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं नेल्या. पेपर खाली न करता म्हणाले, “अडकली नाही. अडकवली. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी ती. चढाला लागली की वजन जातं मागं, पुढचं होतं हलकं. ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी. त्यात टायर शहरातले, बारीक नक्षीचे. चिखल त्या खाचांत बसला की टायर गोटा.”

“पण नाना, गाडी चांगली उंच आहे की.”

“उंच असून उपयोग काय? एक चाक उचललं की डिफरन्शियल सगळं फिरणं त्या उचललेल्या चाकालाच देतो. ज्याला जमीन आहे ते गप्प उभं. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतो. ओल्या डांबरावर बेस्ट काम करतो. खाचराच्या चिखलात दोन्ही चाकं फिरतात, तिथं तो तरी कुणाला ब्रेक लावणार?”

या उंचीची मला एक गंमत ठाऊक आहे. आमच्या घरात करसल्लागार असल्यामुळे जेवताना असले विषय निघतात. मोठ्या एसयूव्हीवर जादा कर लावायचा तर ती ओळखायची कशी, याचं सरकारदरबारी मोजमाप ठरलेलं आहे: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन 1500 सीसीच्या वर आणि जमिनीपासून पोटाची उंची 170 मिलिमीटर किंवा जास्त. चाकं किती ओढतात हा प्रश्न त्यात नाहीच. ही उंची भरल्या गाडीची धरायची की रिकाम्या, यावरही वाद होता. 2023च्या जुलैत जीएसटी परिषदेनं निकाल दिला, की रिकाम्या गाडीची.

हे सांगितल्यावर नानांनी पेपर खाली केला. “रिकामी गाडी कोण नेतो डोंगरात? पाच माणसं आणि टेबल बसल्यावर तिची उंची मोजायची होती. काल दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर पोट टेकलं होतं तिचं. चेंबर फुटला नाही हे नशीब.”

कराची दुसरी कहाणी छोट्या गाड्यांची. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन 1200 किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत असेल तर कर कमी. 22 सप्टेंबर 2025पासून तो 18 टक्के आहे, वरच्या गाड्यांना 40. म्हणून कंपन्यांनी काय केलं, तर छोट्याच गाडीचा सांगाडा घेतला, पत्रा वर उचलला, खाली काळं प्लास्टिक लावलं, छपरावर दांड्या ठोकल्या. मागच्या चाकांपर्यंत शाफ्ट न्यायचा तर वजन वाढतं, पैसे वाढतात, अ‍ॅव्हरेज पडतं. मग नेतो कोण? डस्टर 2014 साली चारी चाकांवर चालणारी निघाली, तशी उदाहरणं मोजकी. जिम्नी तर चार मीटरच्या आत बसते, चारी चाकं ओढतात, लो गिअरचा वेगळा दांडा आहे. पण पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून कर मोठ्या गाडीचा. डोंगरात खरोखर जाणारीला 40 टक्के आणि तसं नुसतं दिसणारीला 18. मला यात सरकारपेक्षा आपल्याच हौसेचा दोष दिसतो, पण ते असो.

“मग थार घ्यायची,” काकू म्हणाल्या.

“थार म्हटलं म्हणजे चारी चाकं ओढतील असं नाही,” नाना म्हणाले. “2023पासून नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी पण मिळते. बोनेट तेच, रुबाब तोच. विचारून घ्यायची.”

“आणि आपल्या पिकअप कशा जातात मग? त्या कुठं चारी चाकांच्या?”

हा प्रश्न मलाही होताच. टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात येणाऱ्या पिकअप बहुतेक मागच्या दोनच चाकांच्या. नानांचं म्हणणं, भरलेली असली की ओझं बरोबर ओढणाऱ्या चाकांवर येतं, म्हणून चढते. रिकामी असली की तीही नाचते. मग हौद्यात चार माणसं उभी करायची नाहीतर दगड भरायचे. लोखंडी चॅसी असते, खाली घासली तरी ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. “आणि मुख्य म्हणजे तो खाली उतरतो. आम्ही एसटीवाले ओढ्यावर पाणी दिसलं की आधी कंडक्टरला पाठवायचो. गुडघ्याच्या वर लागलं की गाडी तिथंच उभी. हे नव्या गाडीवाले काच खाली करून बघतात आणि घालतात. हवा ओढायची जागा पुढच्या जाळीमागं. तिथून इंजिनानं पाणी ओढलं की पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि साध्या विम्यात बहुतेक ते बसत नाही, इंजिनाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.”

मग थोडं थांबून म्हणाले, “चिखलाचं सोड. या दिवसांत डोंगराच्या कुशीला गाडी लावून जेवायला बसतात, ते बघवत नाही. माळीणला 30 जुलैला अकरा, बारा वर्षांपूर्वी काय झालं? 2014 साल. डोंगर गावावर कोसळला, दीडशेच्या वर माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा एसटीच्या ड्रायव्हरनंच पाहिलं.”

काकूंनी घेवड्याची शेंग हातात नुसती मोडली. माळीणच्याच तालुक्यात, आंबेगावात त्यांचं माहेर आहे.

“बरं, काढली कशी गाडी?” मी विचारलं.

काकू लगेच रंगात आल्या. ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी काढली आणि विचारलं, टोचन कुठं करू? जावईबापू गाडीभोवती फिरले. हूक कुठंच नाही! एकजण म्हणाला बंपरला बांधा. नाना ओरडले, बंपर प्लास्टिकचा आहे, तेवढाच हातात येईल. तेव्हा पुस्तिका वाचायला घेतली. तर बंपरवर रुपयाएवढं एक झाकण, त्याच्या आत आटे, आणि त्यात बसवायची कडी डिक्कीत, स्टेपनीच्या जवळ, जॅकशेजारी फोममध्ये. म्हणजे डबे काढा, कॅन काढा, घडीचं टेबल काढा. सगळा संसार बांधावर पावसात. कडी मिळाली तर आत जाईना.

“उलट्या आट्याची होती,” नाना म्हणाले. “काही गाड्यांना असते. अर्धा तास उजवीकडे पिळत होते.”

“पैसे किती घेतले ट्रॅक्टरवाल्यानं?”

“एक रुपया नाय. खाचर त्याच्या आईचं. म्हातारी बांधावर इरलं घेऊन उभी. तिला गाडीचं काही नव्हतं, फुटलेल्या बांधातून पाणी चाललं होतं त्याची काळजी. म्हणाली, बाबा, गाडी निघंल, आधी माझा बांध घाल. तशी साखळी परत ट्रॅक्टरवर टाकली त्यानं. मग काय! जावईबापू आणि त्यांचे दोस्त पॅन्टा वर करून खाचरात. हातानं चिखल थापायचा, वर तणाचा थर, परत चिखल. म्हातारीनं दोनदा मोडायला लावला. तिसऱ्यांदा पास.”

“मुडपलेली रोपं पण लावली परत,” नानांनी भर घातली. “रांग वाकडी आली, पण लावली.”

एवढ्यात कोपऱ्यावरचं फाटक वाजलं. काकूंनी आवाज खाली घेतला आणि चेहरा एकदम हळदीकुंकवाचा केला. पाहुणे सासूबाईंनी दिलेला आंब्याच्या लोणच्याचा डबा घेऊन गाडीकडे चालले होते. नखांत अजून काळं होतं.

“काय जावईबापू, कशी झाली सहल?”

“एकदम मस्त, काकू! ऑफ-रोडिंग केलं काल. पुढच्या महिन्यात आहुप्याला जायचा विचार आहे.”

“जा की,” काकू म्हणाल्या. “कडी तेवढी वर काढून ठेवा.”